इक्विटी कॅल्क्युलेटर: टक्के बरोबर, पण कोणासमोरचे?

ऑनलाइन पोकर खेळताना समोरच्याने पॉटएवढी (मध्ये जमलेल्या पैशांएवढी) बेट लावली आहे, टायमर सरकतो आहे आणि पडद्यावर तीन बटणं आहेत: फोल्ड (पत्ते टाकणं), कॉल (तेवढेच पैसे घालणं), रेझ (बेट वाढवणं). यातलं कुठलं दाबायचं हे शिकायला जी सॉफ्टवेअर वापरली जातात, त्यातलं सगळ्यात साधं आणि बरेचदा फुकट मिळणारं म्हणजे इक्विटी कॅल्क्युलेटर (इक्विटी: पत्ते जिंकण्याचे टक्के). विंडोजवर चालणारं इक्विलॅब हे त्यातलं परिचित नाव. ब्राउझरमध्ये आणि फोनवर चालणारी त्याची भावंडंही बरीच आहेत. हे परीक्षण त्या सगळ्या कुळाचं आहे. उदाहरणं नो-लिमिट टेक्सास होल्डेमची घेतली आहेत (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, बोर्डवर पाच सामाईक: फ्लॉपला तीन, मग टर्न आणि रिव्हरला एकेक) आणि आकडे बिग ब्लाइंडमध्ये, म्हणजे डावाआधी भराव्या लागणाऱ्या सक्तीच्या मोठ्या बेटच्या पटीत, दिले आहेत.

निकाल आधीच सांगतो. गणितात हे साधन चुकत नाही. पण ते फक्त एकाच प्रश्नाचं उत्तर देतं: अमुक पत्ते, तमुक पत्त्यांसमोर, पुढे एकही बेट न लागता शेवटपर्यंत गेले तर किती टक्के वेळा जिंकतील? कॉल करायचा का, हा प्रश्न वेगळा आहे. रेझ करायचा का, हा तर फारच वेगळा. ही दोन अंतरं ज्याला कळली त्याला हे फुकटचं साधन महागड्या कोर्सपेक्षा जास्त देऊन जातं. ज्याला कळली नाहीत तो हरतो आणि वर म्हणतो, कॅल्क्युलेटरने तर 35 टक्के दाखवले होते.

सॉफ्टवेअर उघडलं की मुख्य भाग असतो तो 13 बाय 13 चौकोनांच्या तक्त्याचा. कर्णावर तेरा जोड्या, कर्णाच्या एका बाजूला 78 सूटेड (दोन्ही पत्ते एकाच रंगाचे) हात, दुसऱ्या बाजूला 78 ऑफसूट (वेगळ्या रंगांचे). एकूण 169 चौकोन. नवशिक्याची पहिली फसगत इथेच होते, कारण पडद्यावर सगळे चौकोन सारख्या आकाराचे असले तरी त्यांचं वजन सारखं नसतं. जोडी 6 प्रकारांनी येते, सूटेड हात 4 प्रकारांनी आणि ऑफसूट 12 प्रकारांनी. एकूण 1,326 कॉम्बो, म्हणजे नेमक्या दोन पत्त्यांच्या जुळण्या. म्हणजे एक्का-राणी ऑफसूटचा चौकोन रंगवला की सूटेडच्या तिप्पट हात रेंजमध्ये (समोरच्याकडे असू शकतील अशा हातांच्या यादीत) शिरतात. "दोन-चार ऑफसूट हातही असतीलच" म्हणून तक्त्याच्या कोपऱ्यात बोट फिरवलं की चाळीस-पन्नास कॉम्बो वाढलेले असतात आणि उत्तर पाच-सात टक्क्यांनी हललेलं असतं.

तक्त्याजवळ टक्क्यांची सरकपट्टी असते. 20 वर ओढा, "सर्वोत्तम 20 टक्के" हात आपोआप रंगतात. सोय म्हणून झकास, पण या साधनातली सगळ्यात फसवी गोष्ट हीच. पट्टी हातांचा क्रम लावते तो बहुतेकदा ऑल-इन (सगळे पैसे एकदम लावले तरच्या) ताकदीवर. त्यामुळे एक्का-सत्ती ऑफसूट आधी येतो आणि सत्ती-छक्की सूटेड खूप नंतर. खेळणारी माणसं असं खेळत नाहीत. मधल्या जागेवरून रेझ करणारा नेमका खेळाडू एक्का-सत्ती ऑफसूट टाकून देतो आणि सूटेड कनेक्टर (एकाच रंगाचे लागोपाठचे पत्ते) ठेवतो. पट्टीने बनवलेल्या रेंजमध्ये एक्के-राजे गरजेपेक्षा जास्त, ड्रॉ (हवा तो पत्ता आला तरच बनणारे हात) गरजेपेक्षा कमी. अशा रेंजवरून रिव्हरला ब्लफ मोजायला गेलात तर ब्लफ सापडणारच नाहीत. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पट्टी विसरा. प्रत्येक जागेसाठी हाताने चौकोन निवडून एकदा रेंज बनवा आणि नाव देऊन साठवून ठेवा. तासाभराचं काम आहे, पुढे कायम पुरतं.

आता साधन जिथे खरोखर कामाला येतं ती जागा, म्हणजे रिव्हरचा कॉल. एक हात नीट उलगडून बघू.

बटनवरच्या (फ्लॉपपासून सगळ्यात शेवटी खेळणाऱ्या जागेवरच्या) खेळाडूने 2.5 ला रेझ केला. तुम्ही बिग ब्लाइंडमध्ये इस्पिकचा राजा आणि इस्पिकचा गुलाम घेऊन कॉल केला. फ्लॉप: बदामचा राजा, बदामची नव्वी, किल्वरची चव्वी. त्याने 4 ची बेट लावली, कॉल. टर्न: इस्पिकची दुर्री. त्याने 11 लावले, कॉल. पॉट साधारण 36. रिव्हर: चौकटची सत्ती. तुमचा चेक (बेट न लावता पाळी सोडणं), त्याची 36 ची बेट.

आधी किंमत. 36 घालून 72 मिळवायचे, शेवटचा पॉट 108. म्हणजे 36 भागिले 108, 33.3 टक्के. यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही, चार आकडे पाठ असले की पुरे: तृतीयांश पॉटच्या बेटला 20 टक्के लागतात, अर्ध्याला 25, पाऊण पॉटला 30, पूर्ण पॉटला 33.3. पॉटच्या दुप्पट ओव्हरबेटलासुद्धा 40 च. बेट कितीही अवाढव्य असली तरी ही मागणी 50 ला कधीच पोचत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मग मोजणी. तुमच्या पुढे असलेले कुठले हात तीन वेळा बेट लावतील? एक्क्यांची जोडी: 6 कॉम्बो. एक्का-राजा: एक राजा बोर्डवर, एक तुमच्या हातात, उरले दोन, दोन गुणिले चार एक्के, 8. नव्व्यांचा सेट (हातातली जोडी आणि बोर्डवर तिसरा पत्ता) 3, चव्व्यांचा सेट 3. राजा-नव्वी सूटेड: चौकट आणि किल्वर एवढेच उरतात, 2. एकूण 22.

आणि ब्लफ? बदामचा फ्लश ड्रॉ (एकाच रंगाच्या पाच पत्त्यांना एक कमी) जो लागला नाही: एक्क्यासोबत राणी, गुलाम, दश्शी, अठ्ठी, छक्की, पंजी, तिर्री असे 7, शिवाय राणी-गुलाम, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी आणि छक्की-पंजी, 4. एकूण 11. हे अकराच्या अकरा हात तो रिव्हरला मारत असेल तर 33 पैकी 11, बरोबर 33.3 टक्के. कॉल आणि फोल्ड दोन्ही सारखेच.

इथून पुढचं सगळं माणसावर. हुकलेल्या गटशॉटनेही (क्रमातला मधला एकच पत्ता हवा असलेल्या ड्रॉनेही) तो तिसरी गोळी झाडत असेल, तर इतर रंगांतले राणी-दश्शी, राणी-गुलाम आणि गुलाम-दश्शी सूटेड धरा. इस्पिकचा गुलाम तुमच्याकडे असल्यामुळे त्यातले दोन आधीच बाद, उरले 7. आता 40 पैकी 18, म्हणजे 45 टक्के. कॉलने सरासरी 12.6 बिग ब्लाइंडचा फायदा. उलट तो लहान स्टेकचा सरळमार्गी गडी असेल, एक्का-हाय फ्लश ड्रॉ हुकला की बहुतेकदा मुकाट चेक करणारा, आणि ब्लफ उरले सहाच, तर 28 पैकी 6, जेमतेम 21 टक्के. मग त्याच कॉलला 12.9 चा तोटा. तुमचे पत्ते तेच, बोर्ड तोच, बेट तीच. बदलली फक्त समोरच्याबद्दलची समजूत, आणि निर्णय पंचवीस ब्लाइंडांनी उलटला. राजा-राणीनेही तो इतकी मोठी बेट लावतो असं मानलं तर आणखी 8 कॉम्बो तुमच्या विरुद्ध जातात: 41 पैकी 11, 27 टक्के. फोल्ड.

याच हातात रेझचा विचार दोन सेकंदांत संपतो. रेझ केलात तर फ्लश ड्रॉ पळतील, सेट थांबतील. वाईट हात कॉल करणार नाहीत आणि चांगले हात टाकले जाणार नाहीत, मग रेझ कशासाठी? "आपण कुठे आहोत ते कळावं म्हणून" हे कारण ऐकायला बरं वाटतं, पण माहितीसाठी मोजलेली ती सगळ्यात महाग किंमत असते.

कॅल्क्युलेटरमध्ये हाच हात भरताना लोक एक ठरावीक गडबड करतात. फ्लॉपला काढून टाकलेला हात रिव्हरला परत आत घेतात. रेंज एका दिशेनेच जाते: प्रीफ्लॉपला (फ्लॉपच्या आधी) जी असेल त्यातून फ्लॉपवर काही गळतात, टर्नवर आणखी गळतात. सत्तीची जोडी टर्नला 11 ची बेट लावणार नाही असं तुम्हीच ठरवलं असेल, तर रिव्हरला सत्ती आली म्हणून सेट मोजता येत नाही. म्हणून चार वेगळे तक्ते साठवा, प्रत्येक रस्त्याला (प्रीफ्लॉप, फ्लॉप, टर्न, रिव्हर) एक, आणि आधीच्या तक्त्याची नक्कल करून त्यातून फक्त वजा करा. दुसरी गडबड शोडाउन (शेवटी उघडलेले पत्ते) बघितल्यावरची. त्याच्याकडे चव्व्यांचा सेट निघाला की लोक तेवढाच हात समोर भरतात, दोन आकडी टक्केही येत नाहीत आणि कॉल चुकला असं ठरवून मोकळे होतात. त्या क्षणी तुम्ही एका हाताशी नाही, चाळीस कॉम्बोंशी खेळत होता.

आता या साधनाचा खरा दोष. तो ड्रॉच्या वेळी दिसतो.

फ्लॉपवर पॉट 10, समोरून 7 ची बेट. तुमच्याकडे फ्लश ड्रॉ, 9 आउट (हात पूर्ण करणारे उरलेले पत्ते). 7 घालून 17 मिळवायचे, म्हणजे 29.2 टक्के हवेत. कॅल्क्युलेटर दाखवतो 35. हिरवा कंदील? नाही. ते 35 टक्के दोन पत्त्यांचे आहेत, टर्न आणि रिव्हर दोन्ही फुकट बघायला मिळाले तरचे. ऑल-इन झालं असेल तर ते खरे. नाहीतर टर्नला तो पुन्हा बेट लावणार आणि पुन्हा पैसे मागणार. एका पत्त्याचा हिशोब 47 पैकी 9, म्हणजे 19.1 टक्के. 29 हवेत आणि हातात 19. मग हा ड्रॉ टाकायचा का? तेही नाही. 9 वेळा लागतो, 38 वेळा लागत नाही, म्हणजे 7 च्या बदल्यात एकूण 29.6 मिळायला हवेत. पॉटमध्ये आत्ता 17 आहेत. उरलेले 12.6 फ्लश लागल्यावर सरासरी त्याच्याकडून निघतील का, हा खरा प्रश्न. त्याच्यामागे 80 ब्लाइंड असतील आणि तो टॉप पेअर (बोर्डवरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याची जोडी) सोडत नसेल तर कॉल छान. त्याच्यामागे 10 च उरले असतील तर ते 12.6 येणार कुठून? (तेव्हा मग ऑल-इनचाच हिशोब करावा.) तिसरं बदाम पडताच दार लावून घेणारा असेल तरी तीच गत. शिवाय छक्की-पंजीचा फ्लश लागून एक्क्याच्या फ्लशसमोर हरण्याचा खर्च वेगळा.

हे "पुढे किती मिळतील" कॅल्क्युलेटरमध्ये कुठेच भरता येत नाही. तशी त्याची बनावटच नाही. तक्रार एवढीच की हे पडद्यावर ठळकपणे लिहिलेलं नसतं, आणि नवा माणूस 35 वाचून सुटतो. आउट गुणिले चार आणि आउट गुणिले दोन हा जुना अंदाज वापरणारेही हीच चूक करतात. चारने गुणायचं ते ऑल-इन असताना. एरवी दोननेच. 9 आउटना 18, 8 ना 16, गटशॉटच्या 4 ना 8. खरे आकडे त्याहून किंचित वर असतात, पण टेबलावर तेवढं पुरतं.

रेझच्या प्रश्नाला कॅल्क्युलेटर अर्धंच उत्तर देतो, आणि तो अर्धा भागही नीट मागितला तरच. वरचाच हात घ्या: पॉट 10, त्याची बेट 7, दोघांचेही स्टॅक (जवळच्या एकूण चिप्स) फ्लॉपच्या सुरुवातीला 40. तुम्ही 40 चा ऑल-इन रेझ केलात. त्याने टाकलं तर तुम्हाला 17 मिळाले. त्याने कॉल केला तर पॉट 90. तेव्हा तुमच्याकडे 35 टक्के असतील तर तुमचा वाटा 31.5, घातले 40, तोटा 8.5. दोन्ही जुळवा: तो तीनातून एकदा टाकत असेल तरी बरोबरी, त्याहून जास्त वेळा टाकत असेल तर फायदा. कॉलपेक्षा रेझ बरा ठरतो तो असा.

पण 35 हा आकडा कोणासमोरचा? बहुतेक जण त्याची बेट लावण्याची रेंज भरतात. भरायची असते ती ऑल-इन कॉल करण्याची रेंज, आणि ती नेहमी जास्त कडक असते. तो फक्त सेटनेच कॉल करणार असेल तर फ्लश ड्रॉला 25 टक्क्यांच्या आसपासच मिळतात, कारण फ्लश लागूनही बोर्डवर जोडी पडली तर त्याचा फ्लशला हरवणारा फुल हाउस होतो. मग कॉल झाल्यावरचा तोटा 17.5 आणि त्याला निम्म्याहून किंचित जास्त वेळा टाकायला लावावं लागतं. गंमत म्हणजे जो फक्त सेटनेच कॉल करतो तो टाकतोही भरपूर. म्हणून फोल्डचं प्रमाण आणि कॉलची रेंज हे दोन आकडे एकाच अंदाजातून काढावे लागतात. एक मनासारखा आणि दुसरा सोयीचा असं चालत नाही. बेट लावणारी रेंज 60 कॉम्बोंची धरली आणि त्यातले 20 कॉल करतील असं मानलं, तर फोल्ड 40, म्हणजे 66.7 टक्के. त्या 20 कॉम्बोंसमोर इक्विटी काढा. एवढं एका कागदावर मांडता आलं की रेझचा अर्धा गोंधळ मिटतो.

प्रीफ्लॉपला हे साधन जरा जास्तच उदार आहे. बटनने 2.5 ला रेझ केला, स्मॉल ब्लाइंडने टाकलं, बिग ब्लाइंडला 1.5 घालून 4 मिळवायचे: 27.3 टक्के. बटनच्या रुंद रेंजसमोर नव्वी-तिर्री ऑफसूटसारखा कचराही सहज त्यापुढे जातो. म्हणून सगळंच कॉल करायचं? अशा हाताची इक्विटी कागदावरच राहते. पोझिशन नाही (समोरच्याच्या आधी खेळावं लागतं), जोडी लागली तरी दोन बेटनंतर सोडावी लागते. 32 टक्के दिसले आणि त्यातले सत्तर टक्केच पदरात पडले, तर खरे उरले 22. उलट सूटेड कनेक्टर पोझिशनमध्ये आपल्या टक्क्यांपेक्षा जास्तही कमावतो. त्यात साइटचा रेक. 50 घालून 200 चा पॉट मिळवायचा असेल तर 25 टक्के लागतात, पण पॉटमधून 5 टक्के रेक कापला गेला तर पॉट 190 चा आणि मागणी 26.3 ची. लहान स्टेकवर काठावरचे कॉल असेच बुडतात.

मॉन्टे कार्लो (नमुन्यादाखल डाव वाटून काढलेला अंदाज) की पूर्ण मोजणी, असा पर्याय सेटिंगमध्ये असतो. दोन ठरलेले हात प्रीफ्लॉपला भिडवले तर 17,12,304 बोर्ड तपासावे लागतात. फ्लॉपनंतर फक्त 990, टर्ननंतर 44. तेव्हा फ्लॉपपासून पुढे पूर्ण मोजणीच ठेवा, उत्तर क्षणात येतं. रुंद रेंज आणि तीन-चार खेळाडू असतील तरच मॉन्टे कार्लो. दहा हजार डावांत उत्तर अर्धा टक्का इकडेतिकडे होतं, दहा लाखांत नगण्य. तसंही तुमच्या रेंजच्या अंदाजातली चूक याहून कितीतरी मोठी असते, त्यामुळे दशांशावर डोकं खपवण्यात अर्थ नाही.

रेंज भरायला आकडे आणायचे ट्रॅकरमधून, म्हणजे खेळलेल्या हातांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून. व्हीपीआयपी (किती टक्के हातांत तो आपणहून पैसे घालतो) 24 म्हणजे 318 कॉम्बो, एवढं भाषांतर जमलं की तक्ता पटकन रंगतो. मात्र शंभर हातांवरच्या 24 चा अर्थ 16 ते 32 मधलं काहीही. आणि थ्री-बेटच्या (रेझवर पुन्हा रेझ करण्याच्या) टक्क्याचं तर विचारूच नका: शंभर हातांत तशी संधीच मोजक्या वेळा येते, त्यात तीनदा चांगले पत्ते आले तर शांत माणूसही वेडा आक्रमक दिसतो.

मग थेट सॉल्व्हरच (अचूक खेळाची चाल काढून देणारं सॉफ्टवेअर) का घेऊ नये? सॉल्व्हर पुढच्या बेटांचाही हिशोब करतो, म्हणजे वर सांगितलेला मोठा दोष त्याच्यात नाही. या शाखेची ताकद वादातीत आहे. 2015 मध्ये अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने दोन खेळाडूंचा लिमिट होल्डेम जवळजवळ पूर्ण सोडवला, 2017 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रोग्रामने चार व्यावसायिकांना 1,20,000 हातांत हरवलं, आणि 2019 मध्ये प्लुरिबसने सहा खेळाडूंच्या टेबलावरही तेच केलं. पण सॉल्व्हरलाही दोन्ही बाजूंच्या रेंज, स्टॅक आणि बेटचे आकार तुम्हीच द्यायचे. चुकीची रेंज दिली की तो चुकीच्या प्रश्नाचं उत्तम उत्तर देतो. वर तो समोरचा अचूक खेळतो असं धरून चालतो. आपल्या राजा-गुलामाच्या हातात तो "60 टक्के कॉल, 40 टक्के फोल्ड" असं काही दाखवेल, आणि लोक त्यातून कॉल बरा असा अर्थ काढतील. खरं तर मिश्र उत्तराचा अर्थ दोन्हीची किंमत सारखीच, हात काठावरचा. तो सरळमार्गी गडी समोर असेल तर फोल्ड शंभर टक्के. ज्याला तक्त्यातून कॉम्बो वजा करता येत नाहीत त्याने सॉल्व्हर उघडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

स्पर्धेत खेळणाऱ्यांनी तर हे साधन एकटं वापरूच नये. सॅटेलाइटमध्ये (बक्षीस म्हणून मोठ्या स्पर्धेचं तिकीट देणाऱ्या स्पर्धेत) चौघे उरलेत, तिकिटं तीन, चौघांचे स्टॅक सारखे. एकाने ऑल-इन केला, दोघांनी टाकलं. चिप्सच्या हिशोबाने निम्म्याच्या आसपास टक्के पुरतील. पण टाकलंत तर तुमचं तिकीट सुमारे 75 टक्के तुमचंच आहे. कॉल करून जिंकलात तर 100, हरलात तर शून्य. म्हणजे कॉलला 75 टक्के हवेत. तो कुठल्याही दोन पत्त्यांनी ऑल-इन करत असला तरी एक्का-राजा ऑफसूटला 65 च मिळतात. फोल्ड. दश्शांची जोडी 75 वर, अगदी काठावर. एक्क्यांची जोडी 85, कॉल. कॅल्क्युलेटरने 65 दाखवले ते खरे, फक्त ते चिप्सचे होते, तिकिटाचे नव्हते. यासाठी आयसीएम (चिप्सची बक्षिसातली किंमत) मोजणारं वेगळं साधन लागतं.

एक सूचना नियमांची. खेळ चालू असताना निर्णय सांगणारं सॉफ्टवेअर वापरायला बहुतेक मोठ्या साइटवर बंदी आहे, सॉल्व्हर तर नक्कीच, आणि खातं बंद होऊन शिल्लक अडकू शकते. कॅल्क्युलेटर आणि ट्रॅकरबाबत प्रत्येक साइटचा नियम वेगळा असतो, तो वाचून घ्या. तसंही टेबलावर तक्ता रंगवायला वेळ नसतो. याची जागा खेळ संपल्यावर. ज्या हातांत बोट बटणावर अडखळलं तेवढेच निवडा, सहा-सात पुरेत. प्रत्येकाला आधी किंमत काढा, मग सॉफ्टवेअर न उघडता आपला इक्विटीचा अंदाज कागदावर लिहा, मग रेंज भरा, मग बघा. अंदाज आणि उत्तर यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर रेंजमधला कुठला गट विसरला ते शोधा. बहुतेकदा सापडतो तो ऑफसूट हातांमध्ये, त्या बारा-बाराच्या चौकोनांत. शेवटी एक-दोन गट काढून-घालून पुन्हा चालवा. निर्णय जर कुठल्याही वाजवी रेंजवर बदलत नसेल तर त्या हातावर आणखी वेळ घालवू नका. बदलत असेल तर नेमका कोणता गट तो फिरवतो ते त्या खेळाडूच्या नोटमध्ये लिहा. "हुकलेला एक्का-हाय ड्रॉ रिव्हरला मारत नाही" एवढी एक ओळ पुढच्या वेळी टायमर चालू असताना वाचता येते.

इक्विलॅबमध्ये अंदाज लावण्याचा सराव करायला वेगळा ट्रेनर आहे, तो दिवसाला दहा मिनिटं वापरण्याजोगा. फोनवरची बरीचशी ॲप मात्र हात विरुद्ध हात एवढंच दाखवतात किंवा इतका बारीक तक्ता देतात की बोट एका चौकोनावर ठेवलं तर तीन रंगतात. रेंज भरता येत नसेल, रस्त्यागणिक तक्ते साठवता येत नसतील आणि नको ते रंग काढून एखादा सूटेड हात एकाच रंगापुरता ठेवता येत नसेल, तर ते ॲप गप्पांमध्ये पैज जिंकायला ठीक. वरचा बदामच्या ड्रॉचा हिशोब त्यावर मांडताच येणार नाही.